सुटकेनंतरची गोष्ट : ‘द पीपल ऑफ स्पार्क्स’ या महाविनाशोत्तर कुमार विज्ञानकादंबरीचे वाचन

सारांश

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या महाविनाशोत्तर विज्ञानकादंबऱ्या बहुधा दोन किंवा अधिक भागांत प्रसिद्ध होतात. त्यांतील पहिल्या भागाची चर्चा पुष्कळ होते आणि दुसरा भाग मात्र पहिल्याची पुरवणी म्हणून वाचला जातो. अमेरिकन लेखिका जीन ड्यूप्रॉ यांच्या ‘द सिटी ऑफ एम्बर’ (२००३) या कादंबरीचा पुढील भाग ‘द पीपल ऑफ स्पार्क्स’ (२००४) हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पहिली कादंबरी सुटकेची आहे. दुसरी कादंबरी सुटका झालेल्या माणसांना कोण सामावून घेणार, हा प्रश्न विचारते. प्रस्तुत लेखात या उत्तरकादंबरीची रचना, तिच्यातील अन्नाचे गणित, ज्ञानातील अंतर, सूडाची साखळी आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कुमार साहित्य, विज्ञानकादंबरी, महाविनाशोत्तर कथा, उत्तरकादंबरी, विस्थापन

प्रस्तावना

युद्ध, रोगाची साथ, अणुस्फोट किंवा निसर्गाचा कोप यांमुळे मानवी संस्कृती जवळजवळ नष्ट झाली आहे आणि मूठभर माणसे उरली आहेत, अशी कल्पना करून लिहिलेल्या कथेस महाविनाशोत्तर कथा असे म्हणता येईल. या प्रकाराचा आरंभ बराच मागे नेता येतो. मेरी शेली यांची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ साली प्रसिद्ध झाली व तिच्यात साथीच्या रोगाने होणाऱ्या मानवजातीच्या अंताचे चित्रण आहे. तथापि, १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे झालेल्या अणुस्फोटांनंतर या कल्पनेला वास्तवाचा आधार मिळाला. मनुष्य स्वतःच्या हातांनी स्वतःचा विनाश घडवू शकतो, हे प्रत्यक्ष सिद्ध झाले होते.

कुमार साहित्याने हा विषय लवकरच स्वीकारला. ब्रिटिश लेखक जॉन ख्रिस्तोफर यांच्या ‘द व्हाइट माउंटन्स’ व ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ (दोन्ही १९६७) आणि ‘द पूल ऑफ फायर’ (१९६८) या तीन कादंबऱ्या याचे ठळक उदाहरण होत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रकाराला विशेष बहर आला. जीन ड्यूप्रॉ यांच्या कादंबऱ्या याच दशकातील आहेत. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे त्यांचे शालेय वय शीतयुद्धाच्या काळातील. विनाशाच्या भीतीने माणसे जमिनीखाली आसरा शोधू लागतील, ही कल्पना त्या पिढीला अपरिचित नव्हती.

उत्तरकादंबरी : संकल्पना व प्रकार

एका कादंबरीच्या शेवटानंतर जिचे कथानक त्याच कथाविश्वात पुढे सरकते, तिला प्रस्तुत लेखात ‘उत्तरकादंबरी’ असे संबोधले आहे. उत्तरकादंबरी आणि मालिका यांत भेद करणे आवश्यक आहे. मराठी वाचकाला भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेच्या पुस्तकांचा परिचय आहे. तेथे नायक तोच असला तरी प्रत्येक साहस स्वतंत्र असते. कोणतेही पुस्तक आधी हाती घेतले तरी रसहानी होत नाही. उत्तरकादंबरीचे तसे नसते. आधीच्या कादंबरीत जे घडून गेले, त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात.

उत्तरकादंबरीचे स्थूलमानाने तीन प्रकार दिसून येतात. पहिल्या प्रकारात तोच संघर्ष अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभा राहतो. सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीतील नायिका ‘कॅचिंग फायर’ (२००९) या पुढील भागात पुन्हा त्याच जीवघेण्या स्पर्धेत ढकलली जाते. दुसऱ्या प्रकारात कथाविश्व तेच राहते, परंतु गाव व पात्रे बदलतात. लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) नंतर आलेली ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००) ही अशी कादंबरी आहे. तिसऱ्या प्रकारात पात्रे तीच असतात, संघर्ष मात्र वेगळ्या जातीचा असतो. पहिल्या कादंबरीने ज्याला शेवट मानले, तेथूनच नवी अडचण सुरू होते. ‘द पीपल ऑफ स्पार्क्स’ ही या तिसऱ्या प्रकारात मोडते.

पूर्वपीठिका : भूगर्भातील नगर

उत्तरकादंबरी समजण्यासाठी पहिल्या कादंबरीचे कथानक थोडक्यात ध्यानात घेणे इष्ट ठरेल. एम्बर हे नगर पूर्ण अंधारात वसलेले आहे. तेथे सूर्य नाही, चंद्र नाही. भूमिगत नदीच्या प्रवाहावर चालणारे एक जनित्र नगराला वीज पुरवते आणि दिव्यांच्या पलीकडे केवळ काळोख आहे. नगर जमिनीखाली आहे, याची तेथील रहिवाशांना कल्पनाही नाही. नगर उभारणाऱ्यांनी बाहेर पडण्याच्या सूचना एका पेटीत बंद करून ठेवल्या होत्या. ती पेटी २२० वर्षांनी आपोआप उघडावी अशी योजना होती, परंतु एका नगराध्यक्षाच्या हातून तिची परंपरा खंडित झाली व ती विस्मरणात गेली. आता जनित्र वारंवार बंद पडते, कोठारे रिकामी होत आहेत, आणि विद्यमान नगराध्यक्ष उरलेल्या वस्तूंचा गुपचूप साठा करीत आहे.

लीना मेफ्लीट व डून हॅरो ही बारा वर्षांची मुले फाटलेल्या सूचनांचे तुकडे जुळवतात, नदीमार्गे बाहेर पडतात आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर पहिला सूर्योदय पाहतात. एका विवरातून त्यांना खाली दूरवर आपल्या नगराचे दिवे दिसतात. बाहेर येण्याचा मार्ग सांगणारी चिठ्ठी ती दगडाला बांधून खाली टाकतात. येथे कादंबरी संपते. रहस्याचा उलगडा झालेला असतो व वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. २००८ साली निघालेला चित्रपटही याच पहिल्या कथेवर आधारलेला होता.

दृष्टिकोनातील बदल

‘द पीपल ऑफ स्पार्क्स’च्या पहिल्या प्रकरणात लेखिकेने एक महत्त्वाचा रचनात्मक निर्णय घेतला आहे. कथा लीना किंवा डून यांच्या नजरेतून सुरू होत नाही. शेताच्या कडेला असलेल्या टॉरेन नावाच्या एका गावकरी मुलाला टेकडीवरून येणारा माणसांचा लोंढा दिसतो. ही माणसे फिकट आहेत, थकलेली आहेत, आणि साध्यासाध्या गोष्टींकडे विस्मयाने पाहत आहेत.

या निर्णयाचा परिणाम पहिली कादंबरी वाचलेल्या वाचकावर विशेष होतो. ज्या मुलांचे धाडस त्याने पानोपानी अनुभवले, तीच मुले येथे प्रथम एका गर्दीचा अनामिक भाग म्हणून त्याच्यासमोर येतात. आपली म्हणून वाटणारी माणसे इतरांच्या दृष्टीने परकी असतात, याची जाणीव त्याला कोणत्याही उपदेशाविना होते. नव्या वाचकाची स्थिती याउलट असते. तो प्रथम टॉरेनसोबत उभा राहतो व नंतर आगंतुकांना ओळखू लागतो. दोन्ही वाटांनी येणाऱ्या वाचकाला यजमान आणि आश्रित अशा दोन्ही बाजूंना काही काळ राहावे लागते. पुढील संघर्षात कोणती एकच बाजू योग्य आहे असे त्याला सहजासहजी म्हणता येत नाही, त्याचे मूळ या आरंभात आहे.

अन्नाचे गणित

स्पार्क्स हे सुमारे तीनशे वस्तीचे शेतकरी गाव आहे. प्राचीन युद्धे व रोगांच्या साथी यांतून वाचलेल्यांच्या वंशजांनी अनेक कष्टाची वर्षे काढून ते उभे केले आहे. आता कोठे त्यांच्या गाठीशी थोडे अधिक धान्य उरू लागले आहे. अशा वेळी एम्बरहून चारशेहून अधिक माणसे येऊन उभी राहतात. पाहुण्यांची संख्या यजमानांपेक्षा जास्त आहे. म्हणजेच गावाची अन्नाची गरज एका दिवसात दुपटीहून अधिक होते, पिकाखालील जमीन मात्र तेवढीच राहते.

मेरी वॉटर्स, बेन बार्लो व विल्मर डेंट हे गावाचे तीन प्रमुख यावर तोडगा काढतात. एम्बरवासीयांना सहा महिने आश्रय द्यावा, त्यांच्याकडून काम घ्यावे, त्यांना शेती व बांधकाम शिकवावे आणि त्यानंतर त्यांनी ओसाड प्रदेशात जाऊन स्वतःचे गाव वसवावे, असे ठरते. राहण्यासाठी त्यांना एक पडीक हॉटेल दिले जाते व दुपारचे जेवण गावातील कुटुंबांनी वाटून घ्यायचे असते.

हा तोडगा दुष्टपणाचा नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या कादंबरीत टंचाईला एक अपराधी होता. साठेबाज नगराध्यक्ष उघडा पडला की वाचकाचा राग शांत होत असे. येथे तशी सोय नाही. कुटुंबप्रमुख आपल्या मुलांच्या ताटातील घास दुसऱ्याला देत आहे. प्रथम तो आनंदाने देतो, नंतर मोजून देतो, आणि पुढे देताना त्याचा चेहरा बदलतो. वाटा कमी होत जातो तसा एम्बरवासीयांचा अपमानबोधही वाढत जातो. काम पूर्ण करूनही भूक उरते, ही त्यांची तक्रार खोटी नसते. आमच्याकडे तरी कोठे शिल्लक आहे, हे यजमानांचे उत्तरही खोटे नसते. खलपुरुषाशिवाय अन्याय कसा निर्माण होतो, हे कुमारवयीन वाचकाला दाखवणारी उदाहरणे फार आढळत नाहीत. या कादंबरीचे मोल येथे आहे.

ज्ञानातील अंतर : विस्मयाकडून विषमतेकडे

दोन्ही कादंबऱ्यांत वाचकाला पात्रांपेक्षा अधिक माहिती असते. पहिल्या कादंबरीत लीना व डून यांना मेणबत्त्या व काड्यापेट्या सापडतात, परंतु त्यांचा उपयोग ठाऊक नसतो. वाचकाला तो ठाऊक असतो आणि त्यांच्या शोधात तो कौतुकाने सहभागी होतो. तेथे अज्ञानातून विस्मय निर्माण होतो.

उत्तरकादंबरीत हेच तंत्र वेगळ्या कामाला लावले आहे. एम्बरवासीयांना पक्षी, झाडे, आकाश यांचे नवल वाटते, परंतु त्यांच्या अज्ञानाची किंमत आता त्यांनाच मोजावी लागते. सहा महिन्यांची मुदत त्यांनी मान्य केली, तेव्हा हिवाळा म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हते. भूगर्भात ऋतू नसतात. मुदत संपते ती हिवाळ्याच्या तोंडावर, म्हणजे उघड्या माळरानावर नवी वसाहत करणे सर्वांत कठीण असते अशा वेळी. वाचक ही मुदत ऐकताच मनात महिने मोजतो व अस्वस्थ होतो. करार दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने केला आहे, तरीही तो बरोबरीचा नाही. एका पक्षाला ऋतुचक्र ठाऊक आहे, दुसऱ्याला तो शब्दही ठाऊक नाही. ज्ञान हे सत्तेचे साधन असते, हा समाजशास्त्रातील विचार येथे एका साध्या तपशिलातून मुलांपर्यंत पोहोचतो.

लीनाच्या प्रवासाचे कथानकही याच अंगाने वाचता येते. एम्बरमध्ये असताना ती रंगीत पेन्सिलींनी एका झगमगत्या नगराची चित्रे काढीत असे. असे नगर खरोखरच असेल व तेथे आपल्या माणसांना जागा मिळेल, या आशेने ती कॅस्पर व मॅडी या भटक्यांबरोबर दूरच्या शहराकडे जाते. तेथे तिला केवळ अवशेष दिसतात. पहिल्या कादंबरीत बाहेरचे जग हे अडचणीवरचे उत्तर होते. आता पळून जाण्यासाठी आणखी बाहेर असे काही उरलेले नाही. लीनाला परत फिरून त्याच गावात, त्याच माणसांत मार्ग शोधावा लागतो.

सूडाची साखळी आणि तिचा भंग

संघर्षाची ठिणगी क्षुल्लक कारणातून पडते. कॅस्पर आपल्याला सोबत नेत नाही या रागाने टॉरेन टोमॅटोच्या पेट्या फोडतो, टोमॅटो भिंतीवर आपटतो आणि हे कृत्य डूनने केले असे सांगतो. डून निरपराध आहे, हे वाचकाला ठाऊक असते. गावकऱ्यांना ते ठाऊक नसते, आणि अन्नाची नासाडी हा टंचाईच्या काळात मोठा अपराध ठरतो. त्यानंतर हॉटेलच्या भिंतींवर अपमानकारक मजकूर उमटतो, अंगाला खाज आणणारी विषारी पाने ठेवली जातात, आणि टिक हॅसलर नावाचा एम्बरचा तरुण स्वाभिमानाच्या नावाखाली लोकांना लढाईसाठी संघटित करू लागतो. टिकचे बोलणे डूनला प्रथम आकर्षक वाटते. अन्याय सोसलेल्या मुलाला आवेशाची भाषा जवळची वाटावी, हे लेखिकेने समजुतीने रेखाटले आहे.

युद्ध कसे सुरू होते, याचे स्पष्टीकरण मॅडीच्या तोंडी येते. एक पक्ष दुसऱ्याला दुखावतो, दुसरा त्याची परतफेड करतो, आणि प्रत्येकाला आपले कृत्य केवळ उत्तर वाटते. ही साखळी थांबवायची असेल तर कोणीतरी वाईटाच्या जागी चांगले कृत्य केले पाहिजे, आणि तसे करणे अवघड असते, असे ती लीनाला समजावते. आपण चूक केलेली नसताना आधी हात पुढे करावा लागतो, ही त्यातील खरी अडचण होय.

कथेचा उत्कर्षबिंदू याच विचाराची परीक्षा घेतो. दोन्ही गट समोरासमोर येतात. गावाने प्राचीन काळापासून जपून ठेवलेले एक शस्त्र बेन बार्लो बाहेर काढतो. ते शस्त्रच स्फोट पावते व गावात आग लागते. स्पार्क्सचे रहिवासी पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. एम्बरची माणसे क्षणभर स्तब्ध उभी राहतात. ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांचे घर जळत आहे. अशा वेळी लीना पुढे होऊन बादल्यांच्या रांगेत उभी राहते, आणि तिच्यामागून इतर येतात.

येथे दोन्ही शीर्षकांचा अर्थ एकत्र येतो. एम्बर म्हणजे निखारा, आणि स्पार्क्स म्हणजे ठिणग्या. ठिणगीतून वणवा पेटतो, तसाच दिवाही लागतो.

विज्ञानाचे स्थान

ही विज्ञानकादंबरी असूनही तिच्यात यंत्रांचा भपका नाही. प्रगत तंत्रज्ञान नष्ट झाले आहे आणि जुनी वाहने बैलांकरवी ओढली जातात. एम्बरवासीयांनी तर वीज नित्य वापरली होती, परंतु ती कशी निर्माण होते हे त्यांपैकी कोणालाही सांगता येत नव्हते. वापर आणि आकलन यांतील हे अंतर दोन्ही कादंबऱ्यांत डूनला सतत खुपत राहते.

उत्तरकादंबरीच्या शेवटी तो एका जुन्या पुस्तकाच्या साहाय्याने तार व चुंबक यांची जुळणी करतो आणि एक छोटा दिवा पेटवतो. यामागील तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली प्रयोगाने सिद्ध केले. तारेचे वेटोळे व चुंबक यांत सापेक्ष गती असेल तर तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तन या नावाने हे तत्त्व आपल्याकडील शालेय विद्यार्थी शिकतात. एम्बरचे महाकाय जनित्र व डूनचा हाताने फिरवण्याचा यंत्रखेळ यांत तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो आकलनाचा. एम्बरचा प्रकाश पूर्वजांनी दिलेला होता व त्यांच्याबरोबरच विझला. हा लहान दिवा मात्र समजून घेऊन लावलेला आहे, म्हणून तो पुन्हा लावता येईल.

मर्यादा

कादंबरीतील काही दुवे कच्चे आहेत. शस्त्राने ऐनवेळी स्वतःच फुटणे हा योगायोग आहे. ते फुटले नसते तर लीनाच्या सद्भावनेला अवसरच मिळाला नसता. कठीण नैतिक निर्णय अपघाताच्या मदतीने सोपा झाला, असा आक्षेप घेता येतो. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आगीनंतर एम्बरची माणसे स्पार्क्सची म्हणून स्वीकारली जातात. परंतु समेट झाल्याने धान्य वाढत नाही. खाणारी तोंडे तेवढीच आहेत आणि हिवाळा येणारच आहे.

तथापि, या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर लेखिकेने पुढे दिले आहे. तिसरे पुस्तक ‘द प्रॉफेट ऑफ योनवुड’ (२००६) हे विनाशापूर्वीच्या काळात जाते. चौथे ‘द डायमंड ऑफ डार्कहोल्ड’ (२००८) मात्र याच गावात, त्या पहिल्या हिवाळ्यात सुरू होते. टंचाई कायम आहे, आणि लीना व डून उपयुक्त वस्तूंच्या शोधात पुन्हा एम्बरकडे जातात. म्हणजे दुसऱ्या कादंबरीने सोडवलेला प्रश्न सोबत राहण्याचा होता. सोबत जगण्याचा प्रश्न शिल्लकच होता व तो शिल्लक असल्याचे लेखिकेने मान्य केले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ‘द पीपल ऑफ स्पार्क्स’मध्ये पहिल्या कादंबरीतील रहस्य नाही, म्हणून ती उणी ठरत नाही. रहस्य संपल्यावर जे उरते तेच तिचे क्षेत्र आहे. बंद दार उघडण्यासाठी बुद्धी व धैर्य पुरेसे असते आणि ते दोन मुलांकडे असू शकते. उघड्या दाराबाहेरच्या माणसांबरोबर एकच भाकरी वाटून खाण्यासाठी दोन समाजांना बदलावे लागते. त्याला वेळ लागतो व त्यात प्रत्येकाचे काहीतरी कमी होते.

कुमारवयीन वाचकाला सुटकेच्या कथा पुष्कळ मिळतात. आश्रय मागणाऱ्याची आणि आश्रय देणाऱ्याची भूक एकाच वेळी दाखवणारी कथा त्याला क्वचित मिळते. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून अशा कादंबऱ्यांचा पहिला भाग देताना दुसरा भागही सोबत द्यावा, आणि त्यावर बोलताना विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : टेकडीवरून माणसे येताना दिसली, तेव्हा तुम्ही कोठे उभे होता? पहिला भाग आधी वाचलेल्या आणि न वाचलेल्या विद्यार्थ्यांची उत्तरे भिन्न येतील, आणि त्या भिन्नतेवरील चर्चा हेच या कादंबरीचे खरे वाचन ठरेल.